विठ्ठलवाडीच्या पार्किंगमधला अॅम्प

आधीच सांगतो, भूत, करणी, बाहेरचं असलं काही वाचलं की मला भीती वाटत नाही, कीव येते. या सदरात लोक लिहितात, पंखा आपोआप फिरला, दिवा आपोआप लागला... अहो, वायरमन बोलवा! खोपटला माझं गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमचं दुकान आहे. आपोआप काही होत नसतं, कुठेतरी वायर लूज असते.

तर माझा साडू, संदीप. राहतो विठ्ठलवाडी स्टेशनजवळ. घरात बायकोसमोर तोंड उघडत नाही, म्हणून गाडीतून आवाज करणाऱ्यांपैकी. मला न विचारता त्याने डिकीत ट्रंकेएवढा स्पीकर आणि ऑनलाइन मागवलेला अॅम्प्लिफायर बसवून घेतला. मग फोन सुरू. "भाऊजी, गाणं वाजता वाजता अॅम्प बंद पडतो."

दुकानात बोलावलं. अर्थिंग तपासलं, फ्यूज बघितला, बॅटरीपासूनची वायर बारीक होती ती बदलली. दिवसभर वाजवला, एकदाही बंद पडला नाही. घरी गेला आणि पुन्हा फोन! रस्त्यात व्यवस्थित, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आपल्या जागेवर गाडी लावली की बंद.

"ती कांबळेबाईच काहीतरी करते," संदीप म्हणाला. "तिला आवाज सहन होत नाही ना."

कांबळेबाई म्हणजे तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या रिटायर नर्स. त्यांची भिंत याच्या पार्किंगला लागून. आवाज कमी कर, एवढंच त्या सांगायच्या. तेवढ्यावरून त्या चेटकीण! याने गाडीला लिंबू-मिरची बांधलेली. बीकॉम झालाय हा माणूस.

रविवारी दुपारी मीच गेलेलो, दुकानातला नवाकोरा अॅम्प घेऊन. जोडला. संदीपने आवाज असा सोडला की बाजूच्या स्कूटरचे आरसे थरथरायला लागले. थोडा वेळ वाजला आणि... बंद. माझाही!

मीटर लावला. पुरवठा पूर्ण, स्टिरिओकडून येणारा सिग्नल पूर्ण, फ्यूज शाबूत. बिघाड झाला तर लाल दिवा लागतो, तोही नाही. पाणी आहे, नळ उघडा आहे आणि थेंब पडत नाही, तसं काहीतरी. मी मीटरकडे बघतच राहिलो.

त्या शांततेत भिंतीतून आवाज आला. ठक... ठक... मग थांबून पुन्हा ठक.

"ऐकलंत? तीच!" असं म्हणून संदीप गाडीत जाऊन बसला. काचा वर केल्या. लॉकसुद्धा लावलं!

मी भिंतीला कान लावला. आतून बारीक आवाज आला, "कोण आहे का रे?"

"अरे, बाहेर ये! बाई पडल्यात आत!" मी ओरडलो. तो हलला नाही. शेवटी वॉचमनने आणि मी मिळून दार तोडलं. कांबळेबाई बाथरूममध्ये पडलेल्या. पाय वेडावाकडा, ओठ सुकलेले, हातात स्टीलचा मग. त्यानेच त्या भिंत ठोकत होत्या.

"उचलू नका मला," त्या आधी म्हणाल्या. "खुबा मोडलाय. अॅम्ब्युलन्स बोलवा."

बोलावली. ऑपरेशन झालं, वाचल्या.

त्या दिवशी हॉस्पिटलमधून पार्किंगमध्ये परत आल्यावर मी बटण दाबलं आणि अॅम्प चालू. काही बदललं नव्हतं. संदीपचा जुना परत जोडला, तोही चालू. त्यानंतर त्या जागेवर तो एकदाही बंद पडलेला नाही. धंद्यातल्या एकाने सांगितलं, रेल्वेच्या वायरी जवळ आहेत, त्याचा परिणाम. मग आता वायरी उचलून नेल्या का? आणि त्या दिवशी बाई पडल्या होत्या हे ठीक, पण त्याआधी धडधाकट होत्या तेव्हाही तो तिथेच का बंद पडायचा? मला माहीत नाही. हे लिहायला मला लाज वाटते, पण माहीत नाही.

संदीपने लगेच चमत्कार जाहीर केला. बाई घरी आल्यावर पेढे घेऊन गेला, मलाही ओढून नेलं. "काकू, अॅम्पने वाचवलं तुम्हाला! देवच आला त्याच्यात!"

त्या वॉकर धरून उभ्या होत्या. वॉचमनने त्यांना सगळं सांगितलं होतं. पेढ्यांकडे बघितलंही नाही.

"सकाळपासून भिंत ठोकत होते मी," त्या म्हणाल्या. "तुझ्या देवाला कळलं, आणि तू काचा वर करून बसलास."