गुडघ्याचं तेल

माझा उजवा गुडघा असा वाजतो, की इथे आखातात, अल मजाजच्या आमच्या टॉवरमध्ये लोक लिफ्टचं दार उघडलं समजून पुढे सरकतात. डॉक्टर म्हणाले, "सांध्यातली गादी झिजलीय. वजन उतरवा, व्यायाम करा." मी तळ्याकाठी फिरायला गेलो आणि तिथली सगळी बाकं तपासून आलो.

मागच्या सुट्टीत साताऱ्यात ताईच्या वैद्यांनी रीतसर चिठ्ठी लिहून भांगेचं तेल दिलं. झोपताना दोन थेंब जिभेखाली. दहाव्या दिवशी मी अजिंक्यतारा पळत चढलो, असं मी सांगतो. खरं तर पहिल्या वळणापर्यंत गेलो, पण न थांबता. गुण तेलाचा की सुट्टीचा, देव जाणे. परतताना बाटली तिथेच ठेवली. इथे त्या तेलाला माफी नाही, सरळ तुरुंग.

यंदा खालच्या मजल्यावरचा तरुण शेजारी साताऱ्याहून परत येणार होता. गावाहून येणाऱ्याच्या हाती पुडकं द्यायचं आणि त्याने ते न उघडता पोचवायचं, हा आमचा रिवाज. उघडून बघणं म्हणजे अविश्वास.

तो निघाला त्या दिवशी ताईचा फोन आला. "अरे, त्याच्याकडे चिवडा दिलाय, मेतकूट दिलंय आणि तुझं तेल."

"कुठलं तेल?"

"गुडघ्याचं! खोबरेलच्या बाटलीत ओतलंय. कोणाला कळणारसुद्धा नाही."

मी घड्याळ पाहिलं. तो आता मुंबईच्या विमानतळावर पोचला असणार. फोन हातात होता, पण मी लावला नाही. खोबरेलची बाटली कोण हुंगणार? आली तर आली. गुडघ्याने माझ्या डोक्याचा पूर्ण ताबा घेतला होता.

तेवढ्यात आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याच्या बायकोला डबा द्यायला हवा. आठवा लागलाय, एकटी आहे."

मी फोन लावला.

"बोला काका! गेटवरच्या लाइनीत आहे, बाबा सोडायला आलेत."

"बाहेर पड. माझं पुडकं फोड."

"तुमचं? मी?"

"फोड म्हणतो ना! खोबरेलची बाटली काढून वडिलांकडे दे. खोबरेल नाही ते, भांगेचं तेल आहे!"

पलीकडून टेप टराटरा फाटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन चिवडा द्यायला आला. "वाचवलंत काका! बाळाचं तोंड गजांआडून बघितलं असतं मी."

आभार घशाखाली उतरेनात. म्हणालो, "ताईने सांगितलं तेव्हा लगेच नाही लावला फोन. येऊ दे बाटली, असं वाटलं होतं मला."

तो खो खो हसला. "काका, तुमच्या थापा!"

त्याची बायको हसली नाही. पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

आता तो गावाहून निघताना प्रत्येकाचं पुडकं उघडून बघतो. माझं सगळ्यांत आधी.