बाजारातला थंड खांब

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. नोकरीतल्या पुष्कळ केसेस डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याचा, हेही कधी कधी चटकन सांगता येत नाही. पण त्या आठवडी बाजारातली पाऊण तासाची धावपळ मी आजही मिनिटामिनिटानं सांगू शकतो.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. बाजाराची गल्ली अरुंद. पूर्वेचं तोंड मुख्य रस्त्यावर, तिथे आमची चौकी. पश्चिमेचं तोंड मोताळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागतं. मध्ये सोन्याचांदीची दुकानं आणि दोन्ही बाजूंना जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्या भाजीवाल्या. मी येण्याच्या आदल्या वर्षी ब्रेक निकामी झालेला एक टेम्पो पश्चिमेकडून सरळ बाजारात घुसला होता. दोन बायांचे पाय मोडले. म्हणून मी मागे लागून तिथे लोखंडी खांब बसवून घेतले. इंजिनिअर लोक त्यांना बोलार्ड म्हणतात, गावात सगळे नुसते खांब म्हणत.

या खांबांच्या नादाला मी चांगलाच लागलो होतो. हायवेच्या वळणावर असतात ते प्लास्टिकचे, गाडी लागली की वाकतात आणि पुन्हा उभे राहतात. ते रस्ता दाखवतात, गाडी अडवत नाहीत. मोठ्या शहरांत सरकारी इमारतींसमोर बटण दाबलं की जमिनीत जाणारे असतात, ते आमच्या आवाक्याबाहेरचे. आम्ही बसवले ते जाड पाइपचे, आत काँक्रीट भरलेले, कंबरेइतके उंच, तीन फूट जमिनीत गाडलेले. असे चार पक्के. पाचवा, मधला, काढता येणारा. तोही पोलादीच, पण जमिनीत पुरलेल्या नळीत बसवायचा आणि कुलूप लावायचं, म्हणजे आग लागली किंवा अॅम्ब्युलन्स आली तर वाट मोकळी करता येते. त्याच्या तीन किल्ल्या होत्या: एक ठाण्यात, एक अग्निशमनच्या गाडीत आणि एक बाजाराच्या चौकीदाराकडे.

एप्रिल महिना होता. बाजाराच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पायी फेरी मारत पश्चिमेच्या तोंडाशी आलो. अकरा वाजून गेले होते आणि ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मधल्या खांबाला दोरी बांधून एक साठीतली भाजीवाली नेहमी छत्री उभी करायची. खांब बसले तेव्हापासून तिची जागा तीच. मी दिसताच तिनं हाक मारली.

"साहेब, तुमचा खांब बदलला का हो?"

"काऊन मावशी?"

"रोज याले हात लागला का चटका बसते. आज दोरी बांधली तं बसलाच नाही. थंडा आहे."

मी हसत हसत शेजारच्या खांबावर हात ठेवला आणि झटकन उचलला. तवा तापावा तसा तापला होता. मग मधल्यावर ठेवला. नुसता कोमट. बोटाच्या पेरानं हळूच वाजवला तर आतून पोकळ आवाज आला. पिवळे-काळे पट्टे हुबेहूब, पण रंग नवा होता. जाड प्लास्टिकचा पाइप होता तो. चालत्या गाडीनं धडक दिली असती तर काडीसारखा मोडला असता.

चोरी भंगारासाठी असती तर खांब नेला असता, जागी तसाच दुसरा उभा केला नसता. हा कोणीतरी आमची नजर फसवण्यासाठी लावला होता. म्हणजे आज इथून गाडी आत येणार होती, आणि ती बहुतेक सोन्याच्या दुकानांसाठी.

चेहरा सरळ ठेवून मी मावशीजवळ उकिडवा बसलो. कोण कुठून पाहतंय ते माहीत नव्हतं.

"आज उशिरा दुकान लावलं?"

"पोरगं म्हने, माय, आज बसू नको, ऊन लय आहे. आता काल आंबाडी खुडून ठेवली, ते का घरीच सुकू देऊ? थो गेला ड्युटीवर, अन् मी आली निंघून."

"काय करतो पोरगा?"

"वा! तुमच्याच तं ओयखीचा आहे. बाजाराचा चौकीदार नाही का?"

मी आंबाडीची एक जुडी घेतली आणि उठलो. सावकाश चाललो. गल्ली संपताच ठाण्याकडे जवळजवळ पळालो.

जमादारांना सांगितलं, चौकीदाराला गल्लीच्या पूर्वेच्या तोंडावरून घेऊन या, कॅमेऱ्याच्या वायरीबद्दल विचारायचं आहे म्हणा. दहा मिनिटांत तो माझ्यासमोर होता. पस्तिशीचा, अंगानं दणकट, आजवर कधी तक्रार नसलेला माणूस. मी किल्लीबद्दल विचारलं. त्यानं कमरेची किल्ली काढून दाखवली आणि न विचारता सांगू लागला की रात्री ती उशाशी असते, बायकोसुद्धा हात लावत नाही, कालच तेल घातलं. खरं बोलणारा माणूस विचारलं तेवढंच सांगतो आणि थांबतो. याचं थांबतच नव्हतं.

मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालो, "आईला आज बाजारात बसू नको म्हणालास?"

"हो साहेब. ऊन आहे ना."

"तिच्या बाजूला टमाटे विकणारी बाई बसते. तिला ऊन लागत नाही? तिला का नाही सांगितलंस?"

त्याची नजर टेबलावर खिळली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा पंचवीस झाले होते.

"तुझी आई घरी नाही," मी म्हणालो. "तू गेल्यावर ती निघून आली. आत्ता त्याच खांबाशी बसली आहे."

खुर्ची मागे पडली इतक्या जोरात तो उठला. "माय? तिथं? साहेब, पयले तिले उठवा! बारा वाजता गाडी येनार आहे. पाया पडतो, तिले उठवा!"

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. बाहेरगावचे पाच जण होते. तिघं पायी आत जाऊन सराफाच्या दुकानात हत्यारं काढणार. गल्लीतून पायी पळाले तर लोक पकडतील, म्हणून पांढरी जीप पश्चिमेकडून खांब मोडून आत येणार आणि तिघांना उचलून तशीच मागे निघणार. पश्चिमेकडून गाडी येऊच शकत नाही अशी पोलिसांची खात्री, त्यामुळे आमचा सगळा बंदोबस्त पूर्वेला. याला ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हरची नोकरी लावून देतो म्हणाले होते, म्हणून यानं रात्री आपल्या किल्लीनं खांब बदलला होता. खरा खांब बाजारातल्या पाण्याच्या टाकीमागे पोत्यांखाली होता.

एवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. घाम हनुवटीवरून टपकत होता.

"स्पीकरवर टाक. रोजच्यासारखा बोल."

पलीकडून आवाज आला, "काय बे, सब ठीक?"

त्यानं बाहीनं घाम पुसला. मग म्हणाला, "हाव. सगळं बराबर आहे. या."

फोन बंद झाला आणि ठाण्यात एकदम वीज संचारली. मी स्टेशन डायरीत नोंद करायला लावली, बुलढाण्याला कंट्रोल रूमला कळवलं, चौकीदाराला दोन शिपायांच्या ताब्यात दिलं. साध्या वेशातली चार पोरं सराफाच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून बसली. दोन महिला शिपाई पिशव्या घेऊन पश्चिमेला गेल्या आणि पाण्याचा टँकर येतोय, चिखल होईल, असं सांगत भाजीवाल्यांना एकेक करून मागे सरकवू लागल्या. बाया कुरकुरल्या, पण उठल्या; मावशीनंही खांबाची दोरी सोडून छत्री मिटली.

राहिला खांब. त्या पाचांपैकी कोणीतरी पाहत असणार, म्हणून उघड बदलणं शक्य नव्हतं. जमादारांनी टरबुजांची हातगाडी मिळवली. खालच्या फळीवर पोत्यात गुंडाळलेला पोलादी खांब, वर टरबुजं. गाडी मधल्या खांबाला आडवी लावली, भाव विचारायला आमचीच माणसं गोळा झाली आणि त्या घोळक्यात वाकून मी स्वतः ठाण्यातल्या किल्लीनं कुलूप काढलं. प्लास्टिकचा पाइप वर आला, पोलादी खांब नळीत धप्पकन बसला. कुलूप लागलं. बारा वाजायला सात मिनिटं होती. हातगाडी पुढे सरकली आणि पाचही खांब पुन्हा सारखेच दिसू लागले.

बाराला तिघं दुकानात शिरले. पहिल्यानं शर्टाखालून कोयता काढला, तोच आमच्या पोरांनी त्याला जमिनीवर घेतलं. दुसरा तिथेच सापडला. तिसरा ओरडत बाहेर पळाला. ती ओरड ऐकून पश्चिमेला उभ्या असलेल्या पांढऱ्या जीपचं इंजिन गरजलं. आमचे दोन शिपाई तिच्या दारापर्यंत पोहोचणार, तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी सोडली, सरळ मधल्या खांबावर.

तो आवाज मी विसरणार नाही. जीपचं नाक खांबाभोवती घडी झाल्यासारखं आत गेलं, मागची चाकं उचलली गेली आणि आदळली. रेडिएटरची वाफ फुस्स करून वर आली. खांब थोडासा कलला होता, पण उभा होता. त्याच्या मागची दहा पावलं जमीन रिकामी होती. फक्त गोणपाटाचे चौकोनी ठसे. ड्रायव्हरचं नाक फुटलं, त्याच्या शेजारी बसलेल्याच्या खांद्याला मार लागला, बाजारातल्या एकाही माणसाला खरचटलं नाही. पळणाऱ्या तिसऱ्याला तर मिरचीवाल्यांनीच धरून ठेवलं होतं. मी, पन्नाशीला आलेला ठाणेदार, भर बाजारात दोन्ही हात वर करून ओरडलो. लोक टाळ्या वाजवत होते.

पंच बोलावले, पंचनामा झाला, मोडकी जीप आणि प्लास्टिकचा पाइप जप्त केला. दरोड्याचा गुन्हा दाखल झाला. संध्याकाळी मावशी ठाण्यात आली. तोवर तिला सगळं कळलं होतं. मला वाटलं, पोराला सोडा म्हणून रडेल. ती लॉकअपसमोर जाऊन उभी राहिली.

"मले तेवढं बसू नको म्हनला. अन् त्या बाकीच्या बाया कोनाच्या माया नव्हत्या का रे?"

ती पदर सावरून निघून गेली.

पुढे त्याच्या मदतीची नोंद कोर्टानं घेतली, शिक्षा इतरांपेक्षा कमी झाली. मावशीनं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून, समोर पोरगा असताना, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. वकिलानं पुन्हा पुन्हा फिरवून विचारलं तरी नाही. साक्ष संपल्यावर मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "साहेब, पोरगं माहं आहे, भेटाले जातच राहीन. पन खोटं बोलून त्याले घरी आनलं असतं, तं त्या बायांमंदी कोन्या तोंडानं बसली असती?"

ते खांब बसवताना मी इंजिनिअरला विचारलं होतं, ठेकेदाराला विचारलं होतं, पाइपची जाडी स्वतः मोजली होती. तिथे दिवसभर बसणाऱ्या बायांना मात्र एक शब्द विचारला नव्हता. सुरक्षा म्हणजे लोखंड आणि कुलूप, असं मी तोवर मानत होतो. त्या केसनंतर जिथे जिथे बदली झाली, तिथे पहिल्या आठवड्यात नकाशा बाजूला ठेवून मी बाजारात, बसस्टँडवर, शाळेच्या फाटकाशी लोकांत जाऊन बसत असे. अधिकारी जमिनीवर बसलाय म्हणून सुरुवातीला लोक अवघडत. थोड्या वेळानं बोलू लागत. मग मी ऐकत बसायचो.