वस्तू चालती हवी

बाई एखादी वस्तू देताना ती नुसती पुढे करत नसत. ती आपल्या हातात ठेवत, आपली बोटं तिच्यावर मिटवत आणि वरून स्वतःचे दोन्ही हात दाबून म्हणत, "घरात बसवून कशाला ठेवायची? वस्तू चालती हवी." मग ती तुम्हाला नको असली तरी परत करायची सोय राहत नसे.

पस्तीस सालाच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही तेव्हा नाशकात दहीपुलाजवळच्या एका गल्लीत राहत होतो. मी लग्न होऊन नुकतीच आले होते. बाई आमच्या समोरच्या दोन खोल्यांत आपल्या मुलीसह राहत आणि गंगेपलीकडे (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) पंचवटीतल्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. दुपारी शाळेतून आल्या की गल्लीतल्या दोघीतिघींना कपडे बेतायला शिकवत. त्यांतली मी एक. त्यांना नाव होतं, पण साऱ्या गल्लीच्या त्या 'बाई'च.

देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक जण घरात नकोसं झालेलं फुटकंतुटकं देतात. बाई आधी दुरुस्त करत, मग देत. छत्रीची काडी बसवून छत्री, काच घासून कंदील, बटणं लावून सदरा. वर्षभर जी वस्तू हलली नाही ती दिवाळीच्या आत दुसऱ्याच्या घरी जायचीच.

त्यांचे यजमान ओव्हरसियर होते. ते वारल्यावर त्यांचा गरम कोट बाईंनी आमच्या नाक्यावरच्या टांगेवाल्या चाचांना दिला. चाचा तो वैशाखातही अंगातून काढेनात. "बाईसाब, ये कोट पहना तो घोडा भी सीधा चलता है," म्हणायचे. टांगा गल्लीच्या तोंडावरून गेला की बाई हातातली सुई थांबवून मला हलकेच म्हणत, "बघ, आमचे हे निघाले स्टेशनावर." विधवा बाईच्या तोंडी ती थट्टा ऐकून मला हसावं की नाही कळत नसे. त्या मात्र हसत.

एकदा त्यांनी माझ्या सासूबाईंना बाजाची पेटी दिली. सासूबाईंनी तिच्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. बाई महिन्याभरानं आल्या, बरण्यांकडे बघून म्हणाल्या, "वाजत नाही, पण निदान कामाला लागली."

त्यांची मुलगी इंदू मॅट्रिकला होती. संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला आणि दोन महिन्यांत डॉक्टरांनी क्षय सांगितला. त्या काळी हा शब्द उच्चारताना लोक आवाज खाली आणत. आमची दुपारची शिकवणी बंद झाली. शेजारणी दूध, मऊ भात बाईंच्या ओट्यावर ठेवून कडी वाजवत आणि दार उघडायच्या आत परत फिरत.

इंदू खिडकीच्या खोलीत असे. तपकिरी शाल लपेटून गजांशी बसायची. शालीच्या काठावर तिनं स्वतः पांढऱ्या दोऱ्यानं वेल भरली होती. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची. तिला घेऊन मी ओट्यावर आले की इंदू तिच्याकडे बघून बोटं हलवायची. मी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घ्यायची. इंदूला ते कळत असावं. पुढे पुढे ती बोटं हलवायची थांबली, नुसती बघायची.

कार्तिकात ती गेली.

महिना उलटल्यावर बाईंनी तिच्या वस्तू काढल्या. प्रत्येक कपडा उकळलेला, चार दिवस कडक उन्हात घातलेला. आमच्या ओट्यावर येऊन त्यांनी ती तपकिरी शाल माझ्या हातात ठेवली. "शांता, थंडीत बाळाला गुंडाळायला होईल," म्हणाल्या. त्यांचे हात गरम होते. मला नाही म्हणवेना. त्याच सकाळी कुणाकडे इंदूची फणी गेली, कुणाकडे आरसा, कुणाकडे पोलकी, कुणाकडे तिचा पाण्याचा तांब्या. सात घरांत सात वस्तू. सगळ्यांनी घेतल्या.

बाईंची पाठ वळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "घरात लहान जीव आहे. ती आत आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी शाल पदराखाली धरून गंगेवर गेले. पाण्यात सोडली आणि मागे न बघता परत आले. वाटेत तांब्या मिळालेल्या घरची सून भेटली. तीही पदराखाली काही घेऊन निघाली होती.

पण पौषातलं पाणी ते, उथळ. सातही घरांनी सोडलेल्या वस्तू वाहून कुठे जाणार? घाटाखाली धुण्याच्या खडकांत त्या अडकून बसल्या. बाई रोज त्याच वाटेनं शाळेत जात.

चार दिवसांनी त्या आमच्याकडे आल्या. शाल धुतलेली, इस्त्री केलेली.

"शांता, ही पाण्यात सापडली. घाटावर धुताना हातातून सुटली असेल, नाही का?"

सासूबाई आतून ऐकत होत्या. मी मान खाली घातली. "हो. धुताना गेली."

"जपून धूत जा," एवढंच म्हणून त्यांनी शाल माझ्या हातात दिली. माझं खोटंही त्यांनीच तयार करून आणलं होतं. तशाच त्या सातही घरी गेल्या; प्रत्येकीसाठी त्यांच्याकडे एक सबब तयार होती. फणी पोरानं खेळताना फेकली असेल. तांब्या पाणी भरताना बुडाला असेल. सगळ्यांनी 'हो' म्हटलं.

आता वस्तू टाकताही येईनात आणि घरातही घेता येईनात. सासूबाईंनी शाल ओट्याच्या कोपऱ्यात, जळणाच्या लाकडांवर ठेवायला लावली. कुणी आरसा जिन्याखाली उभा केला, कुणी फणी खिडकीबाहेरच्या कोनाड्यात ठेवली, तांब्या गोठ्याच्या खुंटीला लटकला. एवढीशी गल्ली, आणि तिच्या दर दुसऱ्या दारापाशी इंदूचं काहीतरी. ती जिवंत होती तेव्हा एका खिडकीत होती. आता ती गल्लीभर झाली. दिवेलागणीला ओट्यावर आले की लाकडांवर कुणी पाय पोटाशी घेऊन बसलं आहे असं मला वाटे. मी शालीची घडी बदलून पाहिली. तरी खांद्याचा उंचवटा तसाच राही. जिन्याखालच्या आरशाकडे बायका पाठ करून वर चढत. संध्याकाळी पोरींना बाहेर खेळायला पाठवणं बंद झालं.

माघात माझ्या मुलीला खोकला झाला. खोकून खोकून ती निळी पडायची. एका सकाळी सासूबाई रडत म्हणाल्या, "बघ, त्या पोरीनं धरलं हिला." मीही ते खरं मानलं. डॉक्टर डांग्या खोकला म्हणाले, मुलगी पुढे बरीही झाली. पण सासूबाईंचे ते शब्द समोर ऐकू गेले होते.

त्याच सकाळी बाई आमच्या ओट्यावर चढल्या. काही न विचारता त्यांनी लाकडांवरची शाल उचलली. मग जिन्याखालचा आरसा, कोनाड्यातली फणी, खुंटीवरचा तांब्या. दार वाजवलं नाही, कुणाला हाक मारली नाही. कुठे काय ठेवलंय ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. आम्ही सगळ्या दारांआडून बघत राहिलो.

आठवड्याभरानं त्यांनी नोकरी सोडल्याचं कळलं. देवळालीच्या पुढे, माळावर, क्षयाच्या रोग्यांसाठी एक ठिकाण होतं. तिथे कपडे शिवायचं काम त्यांनी धरलं होतं. निघायच्या दिवशी मी मनाचा हिय्या करून त्यांच्या ओट्यावर गेले. त्या ट्रंकेला दोरी बांधत होत्या.

"बाई, शाल धुताना गेली नव्हती. मी टाकली होती."

"ठाऊक आहे गं."

"मग परत का आणून दिलीत?"

त्यांनी दोरीची गाठ आवळली.

"घरी कुठे ठेवणार होते? मलाच ती घरात नको होती," त्या म्हणाल्या. "उकळली, वाळवली, तरी भीती जाईना. म्हणून तर तुम्हाला दिली. पाण्यात दिसली तेव्हा तुमचा राग आला. आणि मग वाटलं, राग कसला? शेवटचे चार महिने मी तिच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, शांता. अंग पुसायला, अंथरूण बदलायला एक म्हातारी येत होती. मी उंबऱ्यातून काठीनं पितळी ताट सरकवायची. जेवण झालं की ती ते परत लोटायची. 'आई, आत ये ना गं,' म्हणायची. मी म्हणायची, 'हातातलं शिवण संपवून येते.'"

त्यांनी दोरीचं उरलेलं टोक आत खोचलं.

"तिकडे तिच्या वयाच्या मुली आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना कपडे लागतात. त्या भीत नाहीत. आणि मलाही आता भ्यायला काही उरलं नाही."

चाचा ट्रंक उचलायला आले. बाई टांग्यात बसल्या आणि गेल्या. त्यानंतर त्या कधी नाशकात दिसल्या नाहीत. त्यांचं पुढे काय झालं, हे कळलं नाही. खरं तर मी कधी विचारलंच नाही.

त्या खोल्या वर्षभर कुणी भाड्यानं घेतल्या नाहीत. मग मालकानं सफेदी करायला गंगापूरकडचा एक गवंडी बोलावला. पाण्याची कळशी हवी म्हणून त्यानं मला हाक मारली. मी कळशी घेऊन खिडकीच्या खोलीच्या दारापर्यंत गेले.

"ताई, ह्या रेघा कशाच्या हायेत?" त्यानं विचारलं. "लय घासलं, पण निघत नाय."

उंबऱ्यापासून खिडकीखालपर्यंत काळ्या फरशीवर पितळेच्या बारीक पिवळट रेघा होत्या. एकीवर एक, जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या. खिडकीखाली, जिथे खाट असायची, तिथे त्या थांबत होत्या.

"या की आत," गवंडी म्हणाला. "कळशी इकडं द्या."

मी वाकून कळशी उंबऱ्यावर ठेवली.