आत्याचं शेवटचं सत्र

आमची आत्या सव्वीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळते. पन्नाशीत लोकप्रशासनाच्या एम.ए.ला बसली. शेवटचं सत्र सुरू झालं आणि वर्गातल्या पहिल्या नंबरच्या पोरीला प्रकल्पासाठी नेमकी आत्याचीच कचेरी मिळाली. आत्याचा नुसता जळफळाट झाला. "मेलीला साधं टपाल नोंदवता येत नाही, आणि ही माझं काम तपासणार!"

पहिल्याच सकाळी पोरगी टेबलासमोर उभी राहिली. "ताई, आवक नोंदवही बघू?"

आत्याने मानही वर केली नाही. रोजच्या सवयीने म्हणाली, "साहेब नाहीत. उद्या या."

पोरीने आपली वही उघडली आणि तारीख-वेळ टाकून ते लिहून घेतलं.

आत्याला राहवेना. "विषय काय गं तुझा?"

"लोकांना कचेरीत हेलपाटे का घालावे लागतात."