आईनं न चढलेला पहाड

आमच्याकडे जमीन अशी सपाट, की चढताना जरा दम लागला तरी आम्ही त्याला पहाड म्हणतो. महाबळेश्वर बघून आलेले लोक यावर हसतात. हसू देत. गिरडची टेकडी हा माझा पहाड, आणि आजही डोंगर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तीच येते.

दरवर्षी हिवाळ्यात एका रविवारी आम्ही बोरगाव मेघेहून निघायचो. आई, बाबा, माझा धाकटा भाऊ आणि मी. सामान बघून एसटीचा कंडक्टर विचारायचा, घर बदलून राह्यले का? अर्धं पोतं गोवऱ्या, भाजी शिजवायचा मोठा गंज, कणकेचा डबा, वांगी, तूप. डबा बांधून नेला तर आमच्या लोकांना सहल झाल्यासारखं वाटतच नाही. पायथ्याशी रोडगे झाले पाहिजेत. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या जगऱ्यात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, आणि ते भाजायला दोन तास सहज जातात. तोवर त्यांच्याजवळ कुणीतरी बसावंच लागतं, कारण एक बाजू करपली की सगळ्यांची तोंडं वाकडी.

ते कुणीतरी म्हणजे आई.

"तुम्ही या जाऊन. जगऱ्यापाशी कोणी पाह्यजे ना? वांदरं सोडतीन का काही?" ती चिमटा हातात घेऊन म्हणायची. "मी पुढच्या बारीले येईन."

आम्ही पळत सुटायचो. बाबा मागून धापा टाकत यायचे. वर दर्ग्यावर डोकं टेकवायचं, मग दगडावर बसून खाली बघायचं. कपाशीची शेतं, मधूनच पळसाची झाडं, आणि उमरेडकडे निळसर होत गेलेलं जंगल. वारा असा की शर्ट फुगायचा. भूक लागेपर्यंत आम्ही उतरायचो नाही. खाली आलो की गरम रोडगा तुपात कुस्करून तयार असायचा. आई विचारायची, "काय काय दिसलं?" मी तोंडात घास असताना सांगायचो, "सगळं."

यंदा ठरवलं, आईला वर न्यायचं. बाबा आता नाहीत, भाऊ पुण्याला. मी मुद्दाम रोडग्यांना फाटा दिला, पोळ्या आणि सुकी भाजी डब्यात भरली आणि कारमध्ये आईला बसवलं. आता कशी येत नाही बघतो, असा माझा तोरा.

आई आली. पंधरा-वीस पायऱ्या चढली, गुडघे दोन्ही हातांनी दाबले आणि बाजूच्या कठड्यावर बसली. मी हात पुढे केला. तिनं मान हलवली.

"नाई होत रे आता. तू जाय. पाहून ये अन् मले सांग."

मी गेलो. का गेलो ते मलाच कळत नाही. बहुधा तिनं सांगितलं म्हणून. वर सगळं होतं तसंच होतं, पण माझं मन लागेना. पाच मिनिटांत खाली आलो. या वेळी नीट सांगितलं, अगदी दूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरसकट. ती लक्ष देऊन ऐकत होती. मधेच विचारायची, जंगल कोणत्या बाजूले? वारा लागते का तिथं?

मला राहवलं नाही. "आई, तुले इतकं पाहाचं होतं तर तवा कधी बोलली काऊन नाई?"

ती हसली. रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

"मले वाटे, कोणी तरी म्हणीन, तू जाय वर, मी बसतो इथं. दर बारीले वाटे."

मग तिनं डबा उघडला आणि पोळी माझ्यापुढे केली. मी ती हातात घेऊन उलटसुलट करत राहिलो. रोडगे उलटायला असं काय लागतं? चिमट्यानं उचलायचा, दुसरी बाजू आगीकडे करायची. सातवीत होतो तेव्हापासून मला ते येत होतं.