वरच्या खोलीतली हवा

"मी जाणार नाही त्याच्याकडे. सांगून ठेवतोय."

"मग बसा वर भाजत. खाली मी स्वेटर घालून भांडी घासतेय आणि वर तुमची भट्टी पेटलीय. हे काय घर आहे?"

"अगं, भाड्याचं आहे. असायचंच."

"घर भाड्याचं आहे, नवरा नाही. सकाळी दादा गाडी घेऊन येतोय, विषय संपला."

आईने बाबांना असं सुनावलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्याकडे दिवसभर घरात कोणी नसतं. बाबांच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन महिना होत आला होता. बाथरूम वरच्याच मजल्यावर, त्यामुळे त्यांना खाली हलवणं शक्य नव्हतं. आणि आईला सोडून राहायचं म्हटलं की त्यांचा चेहरा शाळेत सोडलेल्या पोरासारखा व्हायचा.

तेवढ्यात मेकॅनिककाका आले. घरमालकांनी पाठवलेले हे तिसरे. आधीचे दोघे गच्चीवरच्या मोठ्या एसीला थापट्या मारून "नवीन घ्या" म्हणाले होते. त्या एकाच एसीची हवा छतातल्या पत्र्याच्या नळ्यांतून दोन्ही मजल्यांवर यायची.

काका साठीचे. बर्फाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढलेली, त्यात डाव्या हाताची दोन बोटं बधिर झालेली. एसी बघायला ते गेलेच नाहीत. इथे कोण झोपतं, एवढंच विचारलं, चपला दाराशी काढल्या, बाबांना जरा सरकायला सांगितलं आणि सरळ त्यांच्या शेजारी आडवे झाले. आई दारातच थबकली. दोन म्हातारे छताकडे बघत दहा मिनिटं पडून होते. बाबांनी त्यांना गुडघे, फिजिओथेरपी, आणि सूनबाई फोन उचलत नाही, सगळं सांगून टाकलं.

"जिथे माणूस झोपतो तिथे झोपल्याशिवाय मला काही कळत नाही," काका उठत म्हणाले.

मग काठीला टिश्यू पेपरची पट्टी बांधून त्यांनी छताच्या जाळीखाली धरली. पट्टी जेमतेम हलली. गारवा जाऊ नये म्हणून आम्ही खोलीचं दार सतत लावून ठेवायचो. काकांनी ते उघडलं, तशी पट्टी फडफडायला लागली.

"हवेला यायला वाट आहे. जायला नाही."

कोपऱ्यातलं कपाट त्यांनी भिंतीपासून हातभर ओढलं आणि मागे वाकले. मीही डोकावले. भिंतीत खाली एक जाळी होती, खोलीतली हवा परत एसीकडे नेणारी. तिच्यात आईची निळी रजई ठासून भरलेली.

बाबा हॉस्पिटलमधून आले तेव्हा त्या जाळीच्या घरघरीने झोप लागत नाही म्हणाले होते. आईने दुसऱ्याच दिवशी बंदोबस्त केला होता. पुढ्यात कपाटही लावलं. आणि तेव्हापासून ती घरमालकांशी, उन्हाशी आणि माझ्याशी भांडत होती.

आता तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कपाटाच्या आडून बाबांना काही दिसत नव्हतं. काकांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. रजईची वळकटी करून माझ्या हातात दिली, मानेनेच जिन्याकडे खुणावलं. नाटकांत एवढी वर्षं कामं करूनही इतकी सफाईदार एक्झिट मी कधी घेतली नव्हती.

ते घर सोडून आता तीन वर्षं झाली. काकांचा विषय निघाला की आई "देवमाणूस" म्हणते आणि का ते सांगत नाही. मीही विचारत नाही.

त्या दिवशी काकांनी वर जास्त हवा यावी म्हणून खालच्या मजल्यावरच्या जाळ्या अर्ध्या मिटल्या, घरघरणाऱ्या जाळीचे सैल स्क्रू आवळले. तासाभरात बाबांनी अंगावर घ्यायला चादर मागितली. आईने दादाला फोन लावून उद्या येऊ नकोस म्हणून सांगितलं, कारण विचारायच्या आत ठेवूनही दिला.

काका सामान भरत होते. आई पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

"बिघाड नक्की काय होता हो?" बाबांनी पलंगावरून विचारलं.

काकांनी पेला घेतला, सावकाश रिकामा केला, आईच्या हातात परत दिला. पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.