पाचवा चौकोन

माझ्या साडूंइतकं सफाईदार खोटं बोलणारा माणूस अख्ख्या भिवंडीत सापडणार नाही. कामतघरच्या शाळेत ते मास्तर आहेत, म्हणजे खोटं बोलायचा त्यांना रीतसर पगारही मिळतो. घरात भाजी करपली तर ती यक्षाने करपवली, असं ते माझ्या मेहुणीच्या गळी उतरवतात. एकदा कशेळीच्या खाडीपुलावर आमची रिक्षा ट्रकांच्या रांगेत तासभर अडकली, तेव्हा यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की खाडीखाली दैत्य झोपलाय, त्याची झोप मोडू नये म्हणून सगळे हळू चाललेत. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "उठेगा कब, सर?" साडू म्हणाले, "जिस दिन रस्ता चौडा होगा." "फिर तो सोया ही रहेगा बेचारा," म्हणत त्याने इंजिनच बंद करून टाकलं.

शनिवारचा शेवटचा तास त्यांच्या गोष्टीचा. तीन वर्षं एकच गोष्ट चालू होती: जादू शिकवणारी एक शाळा एक राक्षस विकत घेतो. राक्षस मोठा सभ्य. दप्तरं वाटतो, पंखे लावून देतो, फक्त प्रत्येक वस्तूवर आपला शिक्का मारतो. एका शनिवारी तर त्याने चंद्रावरही मारला.

आणि बघा, एका गोदामवाल्या कंपनीने खऱ्या शाळेला बाकं दिली, भिंती रंगवल्या आणि मग हळूच मागणी केली, शनिवारचा तो तास पॅकिंग शिकवायला द्या. साडूंच्या थापाच बंद झाल्या. मेहुणीचा मला फोन आला, "भावोजी, जरा येऊन जा. दोन दिवस झाले, हे खरं बोलतायत." मी गेलो. त्यांना असं खरं बोलताना ऐकून मला फार वाईट वाटलं.

बहुधा शेवटच्याच ठरणाऱ्या त्या शनिवारी त्यांनी गोष्ट अशी थांबवली: राक्षस मुलांपुढे चार दारं उभी करतो आणि म्हणतो, यातलं एक निवडा. सोमवारी कंपनीचे फॉर्म आले. मोठेपणी कोण व्हायचंय? खाली चार चौकोन: पॅकर, लोडर, ड्रायव्हर, सुपरवायझर. एकावर खूण करायची. पोरांनी काय करावं? एकूण एकाने पेनाने पाचवा चौकोन काढला आणि त्यावर खूण केली. पुढे कुणी डॉक्टर लिहिलं, कुणी क्रिकेटर, आणि सातवीतल्या एका मुलीने लिहिलं, "चंद्र पुसणारी".

मुख्याध्यापिका बाई एरवी शिपायालाही घाबरून असतात. पण कंपनीचा माणूस आला तेव्हा त्यांनी तो गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला, त्याला सगळी गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, "बाकं न्यायची तर न्या. शनिवार आमचा आहे." तो इथलाच, पडघ्याकडचा. बराच वेळ फॉर्म चाळत बसला. मग म्हणाला, "बाकं ऱ्हाऊ द्या बाई, वर काय सांगायचा ता मी बघतो. पन त्या राक्षसाचा फुडं काय झाला?"

शनिवार वाचला. मेहुणीने चाळभर पेढे वाटले आणि जो तो साडूंची पाठ थोपटू लागला, काय डोकं लावलंत मास्तर, पाचवं दार! त्यांनी मला हळूच जिन्याकडे नेलं. डोळे भरून आले होते.

"माझ्या गोष्टीत दारं चारच होती हो," ते म्हणाले. "पाचवं मला सुचलंच नव्हतं. पोरं माझ्यापुढे निघून गेली."